आक्काची पट्टी : ट्रंकेत सापडलेल्या एका मृत्युपत्राचे प्रकरण

कोल्हापुरात राहून मी जुने मोडी कागद वाचून देण्याचे काम करतो. हे प्रकरण ज्या कुटुंबाचे आहे, त्यांच्या परवानगीने लिहितो आहे. नावे, गाव आणि पेठ दिलेली नाही. ओळख पटेल असे दोन-चार तपशील बदलले आहेत. माझी चूकही यात आहे. ती वगळली तर बाकीच्या लिहिण्याला अर्थ राहत नाही, म्हणून ती जशी घडली तशी मांडतो.

पार्श्वभूमी

२०२३ च्या दिवाळीच्या आसपास जिल्ह्यात घरोघरी माळ्यावरचे कागद खाली उतरू लागले. कुणबी जातीच्या दाखल्यासाठी जुन्या नोंदींचा शोध सुरू झाला होता. शाळेची जनरल रजिस्टरे, जन्म-मृत्यूच्या नोंदी, जुने फेरफार, गावच्या पाटलाकडची दप्तरे, जे मिळेल ते लोक पिशवीत घालून आणत होते. मोडी वाचता येणाऱ्याचा फोन त्या दोन महिन्यांत दिवसभर वाजत असे.

हे कुटुंब मूळचे करवीर तालुक्यातले. दोन पिढ्यांपूर्वी एक घर शहरात, पंचगंगेच्या बाजूच्या पेठेत आले. २०१९ च्या महापुरात त्या घरात छातीएवढे पाणी होते. तेव्हा घाईघाईने माळ्यावर टाकलेली पत्र्याची ट्रंक नंतर कुणी उघडलीच नाही. गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत नोकरी करणाऱ्या घरातल्या पस्तिशीच्या मुलाने वंशावळीसाठी ती उघडली. याला मी पुढे ‘पुतण्या’ म्हणतो, कारण सगळा संघर्ष त्याचा आणि त्याच्या दोन चुलत्यांचा झाला.

वंशावळ त्याने आधीच बरीच जुळवली होती. पणजोबा, त्यांचे दोन मुलगे, थोरल्याचे तीन, धाकट्याचे दोन, असा पुरुषांचा वृक्ष. दाखल्यासाठी जशी वंशावळ मागतात तशीच ती होती, म्हणजे मुली आणि सुना कुठेच नाहीत. ट्रंकेत तळाला तांबड्या खादीच्या रुमालात बांधलेले एक बिंडोळे होते. वरचे कागद पाण्याने एकमेकांना चिकटून त्यांची पेंड झालेली. रुमालातले मात्र वाचले होते. त्यात जमीनमहसुलाच्या पावत्या, एक खरेदीखत, एक-दोन हिशेबाचे कागद आणि दोन पानांचे मृत्युपत्र.

कागद काय म्हणत होता

जाड, पिवळटलेला कागद, चार घड्या घातलेला. मोडी सराईत, लेखनिकाच्या हातची. आधी पानभर आडव्या रेघा ओढून मग त्या रेघेला अक्षरे लोंबवत नेलेली, टाक शक्यतो न उचलता. शेवटी ‘निशाणी डाव्या हाताचा अंगठा’, शेजारी दोन साक्षीदारांच्या सह्या, खाली ‘दस्तुर’ म्हणून लिहिणाऱ्याचे नाव. नोंदणीचा शिक्का नाही.

मजकूर थोडक्यात असा. लिहून ठेवणाऱ्या पणजोबांनी म्हटले आहे की आपण हे राजीखुषीने व अक्कलहुशारीने लिहून ठेवत आहोत. दोन एकरांचा एक मळा आपण स्वकष्टाने खरेदी केला आहे. आपली मुलगी विधवा होऊन लहान मुलासह आपल्या घरी आहे, तिला आणि तिच्या मुलाला ‘अन्नवस्त्राची ददात पडू नये सबब’ या मळ्यात तिला हिस्सा द्यावा. तो तिने हयातीपर्यंत खावा, तिच्या पश्चात तिच्या मुलाने वंशपरंपरेने खावा. माजघरालगतची खोलीही तिच्याकडे राहावी.

या मुलीला घरात ‘आक्का’ म्हणत. पुतण्याला तिच्याबद्दल एवढेच माहीत होते की ती ‘माहेरी आणून सांभाळलेली’ होती, आणि तिचा मुलगा मोठा झाल्यावर मागावर कामाला म्हणून इचलकरंजीला गेला. त्या घरचे लोक गावच्या म्हाईला, म्हणजे जत्रेला, जेवायला यायचे. पंगतीत ते शेवटच्या बाजूला बसत. तशी जागा त्यांना कुणी दाखवली नव्हती, पण सगळ्यांना ती ठाऊक होती. ‘आपण त्यांना सांभाळलं’ हे वाक्य या घरात तीन पिढ्या बोलले गेले.

पहिली चूक

पुतण्याने मला पहिल्या पानाचा फोटो मोबाईलवर पाठवला. दुसरे पान त्याला त्या वेळी वेगळा कागद वाटला होता. मी त्या दिवशी घाईत होतो, तरी वाचले आणि त्याला उलट निरोप पाठवला : पणजोबांनी मुलीला मळ्यात आठ आणे, म्हणजे निम्मा हिस्सा दिला आहे.

जुन्या हिशेबात सोळा आणे म्हणजे पूर्ण. चार आणे लिहायचे तर एक उभा दंड, आठ आण्यांना दोन, बारा आण्यांना तीन. फोटोत मला दोन दंड दिसले. पंधरा दिवसांनी मूळ कागद टेबलावर ठेवून, खिडकीचा तिरपा उजेड पाडून पाहिला, तेव्हा त्यातला एकच दंड शाईचा निघाला. दुसरी घडीची रेघ होती. कागद जिथे मोडला होता तिथे धूळ बसून ती काळी झाली होती, आणि वरून पडलेल्या उजेडात ती शाईसारखीच दिसत होती. दुसऱ्या पानावर तर ‘अक्षरी चार आणे’ असे स्वच्छ लिहिले होते, आणि दोन्ही मुलांना प्रत्येकी सहा आणे. चार अधिक सहा अधिक सहा, सोळा. मी आठ म्हणालो ते खरे धरले तर बेरीज वीस आणे होत होती. दुसरे पान मागून घेऊन ही एक बेरीज केली असती तर पुढचे निम्मे भांडण झालेच नसते.

पण तोवर पुतण्याने माझा निरोप फोटोसकट कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला होता. हेतू चांगला होता, त्याला शोध लागल्याचा आनंद झाला होता. रात्री साडेअकराला थोरल्या काकांचा त्याला फोन आला : “नव्वद वर्सांचं मढं उकरून तुला काय मिळणार हाय?”

पेच

दोन एकरांपैकी एक एकरभर थोरल्या घराने १९७८ साली विकली. तिथे आज प्लॉट पडून घरे उभी आहेत. उरलेली धाकट्या काकांच्या नावावर आहे. शहर तिकडे सरकल्याने तिचा भाव असा झाला आहे की गुंठ्याचा विषय निघाला की माणसांचा आवाज बदलतो.

त्यामुळे कागद एक असला तरी प्रत्येकाच्या मनातला प्रश्न वेगळा होता. थोरल्या काकांना वाटले, आपल्या वडिलांनी बहिणीचे खाल्ले असा आळ येतो आहे. धाकट्या काकांना वाटले, इचलकरंजीचे लोक आता दावा लावणार. त्यांच्या मुलाने सरळ विचारले की कागद खरा कशावरून. आणि पुतण्याला, ज्याने फक्त वंशावळ करायला घेतली होती, हे सगळे दडपून ठेवण्याची लाज वाटू लागली. ज्या माणसांचा यात सगळ्यात जवळचा संबंध, ते इचलकरंजीचे लोक मात्र त्या ग्रुपमध्ये नव्हतेच. त्यांना काहीच माहीत नव्हते.

खरेपणाचा प्रश्न सुटला तो तारखेवरून, आणि तेही अगदी थोडक्यात. धाकट्या काकांच्या मुलाने खरेदीखत काढले. मळा जुलै १९३२ मध्ये घेतलेला. मृत्युपत्रावर ‘शके १८५४ अंगिरानाम संवत्सरे फाल्गुन शुद्ध’. त्याने इंटरनेटवर पाहून शकात ७८ मिळवले, १९३२ आले. फाल्गुन म्हणजे फेब्रुवारी-मार्च. म्हणजे मळा घेण्याच्या चार महिने आधीच पणजोबांनी तो वाटला? कागद बनावट आहे असा त्याने ग्रुपवर निर्वाळा दिला. हिशेब वरवर बिनचूक होता. पण शकाचे वर्ष पाडव्याला सुरू होते आणि फाल्गुन हा त्याचा शेवटचा महिना. म्हणून माघाच्या-फाल्गुनाच्या तारखांना बहुधा ७८ नाही तर ७९ मिळवावे लागतात. शके १८५४ चा फाल्गुन १९३३ च्या मार्चमध्ये येतो. खरेदी आधी, मृत्युपत्र आठ महिन्यांनी. पणजोबा त्याच वर्षी पावसाळ्यात वारले, ही नोंद गावच्या रजिस्टरात होती. मी हे त्याला फोनवर सांगितले तेव्हा तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “बरोबर आहे.” या प्रकरणात ज्यांनी आपला शब्द मागे घेतला त्यांत तो पहिला.

पर्याय

पुतण्या माझ्याकडे आला तेव्हा त्याच्यापुढे चार वाटा होत्या, आणि प्रत्येक वाटेवर त्याला कुणीतरी ढकलत होते.

कागद परत रुमालात बांधून ठेवायचा, ही थोरल्या काकांची वाट. ती दुष्टपणाची होती असे मला वाटत नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर त्यांचे वडील होते. पण ग्रुपवर फोटो गेल्यानंतर ही वाट खऱ्या अर्थाने उरलीच नव्हती.

दुसरी, इचलकरंजीकरांना कळवायचे, पण ‘याला कायद्याने आता काही किंमत नाही’ हे आधी वकिलाकडून लिहून घेऊन. धाकट्या काकांना हे हवे होते. तिसरी, काहीच न ठरवता कागदाचे पूर्ण लिप्यंतर त्यांच्या हातात द्यायचे आणि त्यांना त्यांचा सल्ला घेऊ द्यायचा. चौथी, मिळकतीतले काहीतरी देऊन टाकायचे. हे पुतण्याच्या आईचे म्हणणे होते. जमीन तिच्या नावावर एक गुंठाही नव्हती, त्यामुळे तिचे कुणी मनावर घेतले नाही. माझ्या मते ते लवकर ऐकायला हवे होते.

कायदा काय सांगत होता

कसबा बावड्यात न्यायालयात काम करणाऱ्या एका ज्येष्ठ वकिलांकडे आम्ही गेलो. त्यांनी तासभर दिला आणि एकेक पदर उलगडला. ज्यांच्या घरी असा कागद निघेल त्यांना उपयोग व्हावा म्हणून इथे जरा सविस्तर लिहितो.

पहिला प्रश्न त्यांनी विचारला तो असा : मळा वडिलोपार्जित की स्वकष्टार्जित? १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यापूर्वी एकत्र कुटुंबातल्या सहहिस्सेदाराला मिळकतीतला आपला अविभक्त हिस्सा मृत्युपत्राने देता येत नसे. तो हक्क त्या कायद्याच्या कलम ३० ने आला. स्वकष्टार्जित असेल तर गोष्ट वेगळी. म्हणून रुमालातले खरेदीखत मृत्युपत्राइतकेच महत्त्वाचे ठरले. ते पाण्यात गेले असते तर ‘स्वकष्टाने’ हा एक शब्दच हाती राहिला असता.

नोंदणी नाही म्हणून मृत्युपत्र रद्द होत नाही. १९०८ च्या नोंदणी कायद्यात मृत्युपत्राची नोंदणी ऐच्छिक आहे. कोल्हापूरच्या हिंदू माणसाच्या मृत्युपत्राला प्रोबेट, म्हणजे ते खरे असल्याचे कोर्टाचे प्रमाणपत्र, घेतलेच पाहिजे असेही नाही. साक्षीदार मात्र किमान दोन लागतात, हे १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या कलम ६३ मध्ये आहे. इथे दोन होते. पण मार्च १९३३ मध्ये करवीर हे संस्थान होते, ते मुंबई प्रांतात विलीन झाले १ मार्च १९४९ ला. त्या वेळी तिथे नेमका कोणता नियम लागू होता, हा वाद कोर्टात वेगळा उभा राहिला असता.

अनेकांना वाटते की तीस वर्षांपेक्षा जुना कागद योग्य ठिकाणाहून निघाला की कोर्ट तो खरा धरून चालते. असे गृहीतक कायद्यात आहे, पण मृत्युपत्राला ते पुरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये भरपूर सिंग विरुद्ध शमशेर सिंग या प्रकरणात हे स्पष्ट केले आहे. मृत्युपत्र कितीही जुने असो, ते मृत्युपत्रासारखेच सिद्ध करावे लागते. साक्षीदार हयात नसतील तर किमान एकाची सही त्याच्याच हातची आहे हे दाखवावे लागते, आणि करून ठेवणाऱ्याची सही किंवा निशाणीही त्याचीच असल्याचे दाखवावे लागते. रुमालातल्या दुसऱ्या एका कागदावर साक्षीदारांपैकी एकाची तशीच सही होती. वकिलांनी भिंग लावून ती पाहिली आणि म्हणाले, “मला पटलं. पण मला पटणं म्हणजे पुरावा नव्हे.”

शेवटचा आणि सगळ्यात जड पदर मुदतीचा. मालकीच्या आधारे स्थावराचा ताबा मागायचा तर १९६३ च्या मुदत कायद्यात समोरच्याचा ताबा विरोधी झाल्यापासून बारा वर्षे मिळतात, आणि ती गेली की हक्कच संपतो. आक्का १९५१ मध्ये वारल्या. कागदाप्रमाणे हिस्सा त्यांच्या मुलाकडे यायचा होता. १९७८ ची विक्री उघडउघड झाली, सातबाऱ्यावर चढली, कुणी हरकत घेतली नाही. वकिलांचे मत असे पडले की दावा टिकण्यासारखा नाही.

ते ऐकून धाकट्या काकांनी मोठा श्वास सोडला. पुतण्या माझ्याकडे बघत होता.

निर्णयाची जागा

बाहेर पडल्यावर चहाच्या गाडीपाशी खरा निर्णय झाला. धाकटे काका म्हणाले, आता झालं, वकील म्हणतात काही नाही, मग सांगायचं कशाला? पुतण्याने विचारले, “दावा होत नाही म्हणून सांगायचं नाही, की दावा होत नाही म्हणून सांगायला हरकत नाही?” काकांनी उत्तर दिले नाही, पण चहाचे पैसे दिले आणि म्हणाले, “तुझं तू ठरव. मी आडवा येत नाही.”

मी एकच अट घातली. इचलकरंजीकरांना लिप्यंतराबरोबर ‘आमच्या वकिलांनी असे सांगितले’ हे द्यायचे नाही. त्यांनी आपला वकील स्वतः गाठावा. ज्यांच्या ताब्यात मिळकत आहे त्यांच्याच वकिलाचे मत दुसऱ्याच्या हातात ठेवणे बरोबर नाही, मत कितीही खरे असले तरी. यावर काका नाराज झाले. पुतण्याने ते मानले.

काय केले

पूर्ण लिप्यंतर मी पुन्हा केले, ओळीला ओळ. माझे वाचन न दाखवता मोडी जाणणाऱ्या दुसऱ्या एकाकडून स्वतंत्र वाचून घेतले. दोन्हींत तीन शब्दांचा फरक आला. ते तिन्ही शब्द प्रतीत वेगळ्या शाईत ठेवले, अंदाजाने भरले नाहीत. मूळ कागद पुतण्याला लॅमिनेट करायचा होता, तो बेत मोडला. लॅमिनेशनच्या उष्णतेने आणि डिंकाने जुना कागद कायमचा अडकतो, पुन्हा सोडवता येत नाही. कागद उलगडून सपाट ठेवला, दोन्ही बाजूंचे फोटो सरळ आणि तिरप्या उजेडात घेतले, आम्लविरहित कागदाच्या पाकिटात घातला. मूळ कुणाकडे राहावे यावर आणखी एक वाद झाला. शेवटी ते पुतण्याच्या आईकडे ठेवायचे ठरले, कारण तिच्यावर कुणाचाच आक्षेप नव्हता.

मग तहसीलच्या अभिलेख कक्षातून जुने फेरफार काढले. पणजोबांच्या मृत्यूनंतरच्या वारस नोंदीत दोन मुलगेच. आक्कांचे नाव नाही. इथे आम्ही सगळे खिन्न झालो. घरातली तोंडी गोष्ट खोटी, आणि भावांनी बहिणीचे लपवले, असाच त्याचा अर्थ दिसत होता.

तो अर्थ अपुरा होता. ज्या हिशेबाच्या कागदांकडे मी ‘किरकोळ’ म्हणून दुर्लक्ष केले होते, त्यांतले दोन वाचल्यावर कळले की त्या आक्कांच्या पावत्या आहेत. एक १९३६ ची, एक १९४१ ची. ‘मळ्याचे माझे हिश्श्याचे खंडापोटी’ (म्हणजे जमीन कसण्याच्या मोबदल्यापोटी) थोरल्या भावाकडून रुपये पावले, असा मजकूर, खाली अंगठा. म्हणजे भावांना मृत्युपत्र माहीत होते. ते मानलेही होते. नाव लावले नाही, पण खंड दिला, निदान आठ वर्षे तरी. पुढे केव्हा थांबला, आक्का गेल्यावर की आधीच, ते कागद सांगत नाहीत. या पावत्यांचा फोटो पुतण्याने थोरल्या काकांना एकट्याला पाठवला. ग्रुपवर नाही. एवढे तो शिकला होता.

आणि अगदी शेवटी आम्ही ज्यांच्याकडे पहिल्या दिवशी जायला हवे होते त्यांच्याकडे गेलो. पुतण्याच्या वडिलांची थोरली बहीण, वय अठ्ठ्याऐंशी, उदगावला दिलेली. लिप्यंतर वाचून दाखवायला सुरुवात केली, तर म्हातारीने दुसऱ्याच ओळीला थांबवले. “मळ्याचा विहिरीकडचा तुकडा ना? आक्काची पट्टी म्हणायचो की आम्ही त्याला. तिथल्या शेंगा आक्काच्या खोलीत जायच्या, आमच्यात न्हाई.” पुतण्या म्हणाला, आत्ती, आम्हीपण त्याला आक्काची पट्टीच म्हणतो. लहानपणापासून. पण का म्हणतो हे कुणी विचारलंच नाही.

चार महिने आम्ही फेरफार, शक आणि दंडांच्या रेघा तपासत होतो. सात-बारावर नसलेली नोंद शेताच्या नावात होती.

इचलकरंजीची भेट

२०२४ च्या पाडव्यानंतरच्या रविवारी पुतण्या, त्याची आई आणि मी इचलकरंजीला गेलो. आक्कांचा नातू सत्तरीचा, आयुष्य मागावर गेलेले, ऐकायला कमी येते. त्यांच्या मुलाने आधी संशयाने पाहिले, ते साहजिक होते. लिप्यंतराची प्रत, कागदाचे आणि पावत्यांचे फोटो, फेरफारांच्या नकला, सगळे एका फायलीत दिले आणि सांगितले की तुमच्या वकिलाला दाखवा, तोवर आमच्याशी बोलायची घाई करू नका.

नातवाने प्रत हातात घेतली नाही. म्हणाले, आधी वाचा. मी वाचले. आक्कांचे पाळण्यातले नाव आले तिथे त्यांनी हात वर केला. हे नाव त्यांना माहीत नव्हते. त्यांच्या घरातही ती ‘आजी’ आणि इकडे ‘आक्का’. नव्वद वर्षांनी ते नाव त्या घरात पहिल्यांदा उच्चारले गेले, आणि मी ते तीनदा वाचले, कारण त्यांनी तीनदा वाचायला लावले.

त्यांच्या मुलाने पुढे स्वतंत्र वकील गाठला. त्याचे मत आमच्या वकिलांपेक्षा फार वेगळे आले नाही. महिन्याभराने नातवाचा निरोप आला : जमीन नको, भांडण नको, पण आमच्या आजीला ‘सांभाळली’ असं इथून पुढं कुणी म्हणू नये, आणि वंशावळीत तिचं नाव नीट लिहावं. धाकट्या काकांनी काही रक्कम देऊ केली. ती त्यांनी घेतली नाही. नातवाच्या मुलाला हे पटलेले नाही, त्याने ते पुतण्याला बोलूनही दाखवले. मला त्याचे म्हणणे चूक वाटत नाही. वडिलांनी सोडले म्हणून मुलाने समाधानी असलेच पाहिजे असे नाही.

वेगळे काय करता आले असते

फोटोवरून आकडा सांगायला नको होता. कागद पूर्ण वाचून होईपर्यंत त्यातली एकही ओळ कुणाला कळवायची नाही, हा नियम मी आता कागद हाती घेण्याआधीच लोकांना सांगतो. हिश्श्यांचा उल्लेख असेल तर बेरीज सोळा आणे येते का ते आधी पाहतो.

दुसरे, क्रम. कागद कोणाबद्दल आहे हे कळताच त्या माणसांना, निदान घरातल्या बाकीच्यांबरोबरच, कळायला हवे होते. पाच महिने आम्ही आक्कांबद्दल बोलत होतो आणि आक्कांच्या घरात कुणाला त्याची वार्ता नव्हती. खात्री करून सांगू, हे कारण तेव्हा रास्त वाटले होते. पण त्यातला खात्रीचा भाग महिनाभराचा होता, उरलेला संकोचाचा.

उदगावच्या आत्तींकडे आधी जायला हवे होते, हे सांगायला नकोच. वय अठ्ठ्याऐंशी असताना अभिलेख कक्षाची रांग थांबू शकते.

थोरल्या काकांच्या बाबतीत मला अजून उत्तर सापडलेले नाही. पावत्या मिळण्याआधी त्यांना वडिलांवरचा आळ सहन करावा लागला, आणि तो आळ माझ्या चुकलेल्या आकड्याने दुप्पट झाला होता. मी त्यांना पत्र लिहून माफी मागितली. समोर जाऊन मागायला हवी होती.

आज

वंशावळ पुन्हा आखली. पहिली ज्या कागदावर होती त्यावर ती मावली नाही. आक्कांच्या बाजूने अकरा नावे आली, आणि मग पुतण्याच्या आईने बाकीच्या घरातल्या मुलीही घालायला लावल्या. उदगावच्या आत्तींचे नावसुद्धा आता तिथे आहे.

थोरले काका पुतण्याशी अजून बोलत नाहीत. मागच्या महिन्यात त्यांची सून माझ्याकडे आली होती. पावत्यांचे लिप्यंतर हवे होते, तेवढेच. मी प्रत दिली, तर ती म्हणाली, “जरा मोठ्या अक्षरात काढून द्या. मामांना बारीक दिसत न्हाई आता.”